घटक ५ : महाराजा सयाजीराव गायकवाड – दीर्घ पल्ल्याचा राज्यकारभार

अनुक्रम

५.१ उद्दिष्टे
५.२ प्रास्ताविक
५.३ विषय-विवेचन
५.३.१ कवळाण्याचा गोपाळ
५.३.२ घडणीची सहा वर्षे
५.३.३ आधी पाहणी, मग योजना
५.३.४ आजव्याचे पाणी
५.३.५ अमरेलीचा प्रयोग
५.३.६ ग्रंथालये, कलाभवन आणि बँक
५.३.७ छप्पन्नचा दुष्काळ
५.३.८ योजना जिथे थांबली
५.३.९ अखेरची वर्षे आणि त्यानंतर
५.४ सारांश
५.५ शब्दार्थ
५.६ स्वाध्याय
५.७ उपक्रम

५.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला

● सयाजीराव गायकवाड यांच्या जीवनाचा क्रम थोडक्यात सांगता येईल.
● दीर्घ मुदतीचे नियोजन आणि प्रसंगोपात्त कारभार यांतील फरक उदाहरणांसह स्पष्ट करता येईल.
● शिक्षण, पाणीपुरवठा, ग्रंथालये व अर्थव्यवहार या क्षेत्रांतील बडोदे संस्थानाच्या योजनांचे स्वरूप विशद करता येईल.
● या योजनांच्या मर्यादांची चिकित्सा करता येईल.

५.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकांमध्ये तुम्ही साहित्यिकांची आणि समाजसुधारकांची चरित्रे अभ्यासली. साहित्यिकाचे चरित्र वाचताना आपल्यासमोर त्याचे ग्रंथ असतात. समाजसुधारकाचे चरित्र वाचताना त्याची आंदोलने असतात. राज्यकर्त्याच्या चरित्रात मात्र वाचकाचे लक्ष बहुधा लढाया, दरबार आणि राजवाडे यांच्याकडे जाते. राज्यकर्त्याचे खरे काम अनेकदा अशा ठिकाणी असते जिथे पाहण्यासारखे काहीच नसते. जमिनीखालून जाणारी पाण्याची वाहिनी, खेड्यातल्या शाळेचे हजेरीपत्रक, जमाखर्चाची वही, ग्रंथपालाच्या प्रशिक्षणाचा वर्ग ही ती ठिकाणे होत.

बडोद्याचे महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांचे चरित्र आपण या दृष्टीने वाचणार आहोत. १८८१ मध्ये पूर्ण अधिकार हाती आल्यापासून १९३९ मध्ये निधन होईपर्यंत सुमारे सत्तावन्न वर्षे त्यांनी राज्य केले. एवढा काळ हाती मिळणे हा दैवाचा भाग झाला. त्या काळाचा उपयोग कसा केला, हा चरित्राचा विषय आहे. आज पेरलेल्या कामाचे फळ वीस किंवा पन्नास वर्षांनी येणार असेल, तर राज्यकर्त्याने ते आज का करावे? आणि तो नसताना ते टिकावे यासाठी त्याने काय करून ठेवावे? हे दोन प्रश्न मनात ठेवून पुढील विवेचन वाचावे.

५.३ विषय-विवेचन

५.३.१ कवळाण्याचा गोपाळ

नाशिक जिल्ह्यातील मालेगावजवळ कवळाणा हे गाव आहे. तेथे ११ मार्च १८६३ रोजी काशीराव व उमाबाई गायकवाड यांच्या पोटी गोपाळरावांचा जन्म झाला. घराणे बडोद्याच्या गायकवाडांचे भाऊबंद असले, तरी ते दूरचे होते. घरी शेती होती. शाळेचा संस्कार नव्हता. वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत गोपाळरावांना अक्षरओळख नव्हती, ही गोष्ट त्यांच्या पुढील कार्याच्या संदर्भात लक्षात ठेवण्याजोगी आहे.

इकडे बडोद्यात १८७० मध्ये खंडेराव महाराज निवर्तले व त्यांचे बंधू मल्हारराव गादीवर आले. त्यांचा कारभार बेबंद झाला. इंग्रज रेसिडेंटवर विषप्रयोग केल्याचा आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आला. चौकशी मंडळात एकमत झाले नाही; तथापि गैरकारभाराच्या कारणावरून १८७५ मध्ये त्यांना पदच्युत करण्यात आले. खंडेरावांच्या विधवा पत्नी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. गायकवाड घराण्यातील मुलांचा शोध सुरू झाला आणि तो कवळाण्यापर्यंत पोहोचला. २७ मे १८७५ रोजी गोपाळरावांचे दत्तकविधान होऊन ते सयाजीराव झाले.

५.३.२ घडणीची सहा वर्षे

अल्पवयीन महाराजांच्या नावाने कारभार पाहण्यासाठी सर टी. माधवराव यांची दिवाण म्हणून नेमणूक झाली. माधवराव हे तंजावरकडील मराठी भाषक कुटुंबातले. त्रावणकोर आणि इंदूर येथील दिवाणगिरीचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. त्यांनी वसुलाची इजारेपद्धत मोडून काढली, खर्चाला शिस्त लावली आणि राज्याची विस्कटलेली तिजोरी सावरली.

महाराजांच्या शिक्षणाची जबाबदारी एफ. ए. एच. इलियट या सनदी अधिकाऱ्याकडे सोपविण्यात आली. मराठी, गुजराती, उर्दू व इंग्रजी या भाषा, इतिहास, भूगोल, गणित असा अभ्यासक्रम होता. उशिरा सुरू झालेले शिक्षण सयाजीरावांनी चिकाटीने पुरे केले. शेवटच्या टप्प्यात माधवरावांनी त्यांना राज्यकारभारावर व्याख्याने दिली. राजाने कोणत्या गोष्टी स्वतः पाहाव्यात, कोणत्या अधिकाऱ्यांवर सोपवाव्यात, राज्याचा पैसा आणि राजाचा पैसा यांत भेद का ठेवावा, असे त्यांचे विषय होते.

२८ डिसेंबर १८८१ रोजी अठरा वर्षांच्या सयाजीरावांना राज्याचे पूर्ण अधिकार मिळाले. पुढील वर्षी माधवराव दिवाणपदावरून निवृत्त झाले. तरुण महाराजांना आता स्वतःच्या विचाराने चालायचे होते.

५.३.३ आधी पाहणी, मग योजना

बडोदे संस्थानाचा नकाशा तुम्ही पाहिला, तर एक अडचण तत्काळ ध्यानात येईल. आठ हजारांहून अधिक चौरस मैलांचे हे राज्य सलग नव्हते. बडोदे, कडी, नवसारी आणि अमरेली हे त्याचे मुख्य प्रांत इंग्रजी मुलखात आणि इतर संस्थानांत विखुरलेले होते. कडी उत्तर गुजरातेत, नवसारी दक्षिणेला, अमरेली थेट काठेवाडात. प्रत्येक ठिकाणची जमीन, पीक आणि सारापद्धती निराळी. अशा राज्यात राजधानीत बसून काढलेला एकच हुकूम सर्वत्र सारखा लागू पडणे कठीण होते.

सयाजीरावांनी आरंभीच्या वर्षांत प्रांतोप्रांती दौरे काढले. रयतेच्या तक्रारी ऐकल्या, कचेऱ्यांची दप्तरे तपासली, शाळा व दवाखाने पाहिले. त्याच सुमारास जमिनीची पद्धतशीर मोजणी व प्रतबंदी सुरू झाली. हे काम त्यांनी आपले शिक्षक इलियट यांच्यावर सोपविले. मोजणीचे काम कंटाळवाणे असते. त्याने कोणाची वाहवा मिळत नाही. परंतु कोणाची जमीन किती, तिचा कस कसा आणि तिच्यावर सारा किती बसावा, हे निश्चित झाल्याशिवाय राज्याचे उत्पन्न ठरत नाही. उत्पन्नाचा अंदाज नसेल, तर पुढील दहा वर्षांचा खर्च आखता येत नाही. नियोजनाची पहिली पायरी खात्रीची माहिती ही असते, हे यावरून तुमच्या लक्षात येईल.

कारभाराची घडीही त्यांनी बदलली. निरनिराळी खाती, त्यांचे नियम आणि त्यांचे वार्षिक अहवाल यांची व्यवस्था लागली. पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात न्यायखाते वसुली अधिकाऱ्यांच्या हातून वेगळे काढण्यात आले, स्थानिक स्वराज्य संस्थांना आकार आला आणि १९०८ मध्ये धारासभा स्थापन झाली. धारासभेचे अधिकार मर्यादित होते व अंतिम शब्द महाराजांचाच राहिला. तरीही कायदा करण्यापूर्वी त्यावर चर्चा व्हावी, ही प्रथा पडली. अर्थतज्ज्ञ व इतिहासकार रमेशचंद्र दत्त यांच्यासारखी माणसे या काळात बडोद्याच्या सेवेत होती. योग्य माणूस हेरून त्याला दूरवरून बोलावून आणणे, हा सयाजीरावांचा विशेष गुण होता.

५.३.४ आजव्याचे पाणी

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बडोदे शहराची वस्ती एक लाखाच्या वर गेली होती. लोक विहिरींचे व तलावांचे पाणी पीत. उन्हाळ्यात ते आटे आणि पटकीसारखे रोग पसरत. यावर तात्पुरता उपाय म्हणून आणखी काही विहिरी खणता आल्या असत्या. त्यांचा खर्च कमी होता आणि त्या लगेच दिसल्या असत्या.

सयाजीरावांनी दुसरा मार्ग निवडला. शहरापासून सुमारे वीस किलोमीटरवर आजवा येथे मातीचे धरण बांधून मोठा जलाशय करण्याचे काम १८८५ मध्ये सुरू झाले. जागा शहरापेक्षा उंचावर असल्याने पाणी उताराने आणता येणार होते. १८९२ मध्ये शहराला त्या जलाशयाचे पाणी मिळू लागले. सात वर्षे केवळ खर्च चालू होता आणि नळाला एक थेंबही नव्हता. टीकाकारांना बोलायला जागा होती. पण सवाशे वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर, शहर कितीतरी पटींनी वाढल्यावरही, वडोदऱ्याच्या काही भागाला आजव्याचे पाणी मिळते. आपल्या हयातीतील गरजेपेक्षा मोठे माप धरून बांधलेले काम पुढील पिढ्यांना कसे उपयोगी पडते, याचे हे उदाहरण आहे.

५.३.५ अमरेलीचा प्रयोग

सयाजीरावांच्या कार्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे स्थान सर्वांत वरचे आहे. त्या काळी ब्रिटिश हिंदुस्थानात शिक्षण सक्तीचे करण्याची कल्पना अव्यवहार्य समजली जात असे. पैसा कुठून आणणार, शिक्षक कुठून मिळणार, आणि शेतात राबणारे मूल शाळेत पाठवायला आईबाप तयार कसे होणार, असे आक्षेप घेतले जात. हे आक्षेप पोकळ नव्हते. सयाजीरावांनी त्यांना उत्तर देण्याची रीत निवडली ती अशी.

१८९३ मध्ये त्यांनी अमरेली शहर व आसपासची नऊ गावे एवढ्याच क्षेत्रात सक्तीचे शिक्षण सुरू केले. हा उघडउघड प्रयोग होता. शाळेची इमारत, शिक्षक, पालकांचा विरोध, गैरहजेरी, दंडाची वसुली या प्रत्येक बाबतीत काय घडते, ते पाहायचे होते. हळूहळू क्षेत्र वाढवीत तालुक्यात योजना लागू झाली. दरम्यान शिक्षक तयार करणाऱ्या शाळांकडे लक्ष देण्यात आले. मुलींना शिकविण्यासाठी स्त्रीशिक्षिका लागतील, हे ओळखून त्यांच्याही प्रशिक्षणाची सोय झाली. तेरा वर्षांच्या अनुभवानंतर, १९०६ मध्ये, संपूर्ण संस्थानासाठी कायदा झाला. मुलांसाठी सात ते बारा आणि मुलींसाठी सात ते दहा ही वयोमर्यादा आरंभी ठरविण्यात आली.

या तेरा वर्षांकडे दोन प्रकारे पाहता येते. तेवढ्या काळात इतर प्रांतांतील मुलांची एक अख्खी पिढी शाळेबाहेर वाढली, हे खरे आहे. आणि पहिल्याच वर्षी सर्व राज्यात सक्ती केली असती, तर शिक्षकांविना शाळा उघडून त्या बंद पडल्या असत्या, हेही तितकेच संभवनीय आहे. छोट्या क्षेत्रात चुका करून घेणे आणि मग पुढे जाणे, ही दीर्घ नियोजनातली मोलाची पद्धत आहे. तिची किंमतही कोणीतरी मोजत असते, हे मात्र विसरू नये.

बडोद्याच्या या उदाहरणाचा उपयोग देशालाही झाला. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा बडोद्याचा अनुभव त्यांच्यासमोर होता. ते विधेयक नामंजूर झाले. एका संस्थानाला जे साधले, ते साम्राज्याला परवडत नाही असे सांगणे यापुढे अवघड झाले.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १

एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. सयाजीरावांचे मूळ नाव काय होते?
२. जमिनीच्या मोजणीचे काम कोणाकडे सोपविण्यात आले?
३. सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग कोणत्या वर्षी व कोठे सुरू झाला?

५.३.६ ग्रंथालये, कलाभवन आणि बँक

शाळेत शिकलेले मूल पुढे काही वाचीत नसेल, तर चार-पाच वर्षांत ते अक्षरे विसरते. सक्तीच्या शिक्षणाची योजना येथेच थांबली असती, तर तिचे फळ वाया गेले असते. म्हणून ग्रंथालयांची योजना पुढे आली. अमेरिकेच्या प्रवासात सयाजीरावांनी तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहिली होती. १९१० मध्ये त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बडोद्यात बोलाविले. राजवाड्यातील स्वतःचा ग्रंथसंग्रह देऊन मध्यवर्ती ग्रंथालय उभारले. ग्रंथपालांना शिकविण्याचा वर्ग निघाला. पेट्यांत पुस्तके भरून ती खेडोपाडी पाठविणारी फिरती ग्रंथालये सुरू झाली.

खेड्यातील ग्रंथालयासाठी पैशाची जी रचना केली, ती विशेष अभ्यासण्याजोगी आहे. गावकऱ्यांनी काही रक्कम जमविली, की तितकीच रक्कम स्थानिक मंडळाने व तितकीच सरकारने घालायची. गावाने पैसा घातला म्हणजे ग्रंथालय गावाचे होते. सरकारी अधिकारी बदलला तरी ते बंद पडण्याची शक्यता कमी होते. बॉर्डन तीन वर्षांनी मायदेशी परतले. काम थांबले नाही, कारण तोवर ते चालविणारी माणसे बडोद्यातच तयार झाली होती.

ग्रंथनिर्मितीच्या बाबतीतही हेच धोरण दिसते. १९१२ च्या सुमारास सयाजीरावांनी दोन लाख रुपयांचा निधी वेगळा काढला. त्याच्या व्याजातून मराठी व गुजराती पुस्तके निघावीत, अशी व्यवस्था केली. श्री सयाजी साहित्यमाला त्यातून उभी राहिली. मुद्दल हात न लावता ठेवले, की राजाची मर्जी बदलली तरी काम चालू राहते. संस्कृत ग्रंथांसाठी गायकवाड प्राच्य ग्रंथमाला सुरू झाली. १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेला श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू हा कोश तर तुम्हा भाषेच्या विद्यार्थ्यांनी आवर्जून लक्षात ठेवावा. राज्यकारभारातील संज्ञांना आठ भाषांतील पर्याय त्यात एकत्र दिले आहेत. कारभार लोकांच्या भाषेत चालवायचा, तर आधी त्या भाषेत शब्द हवेत, हे त्यामागचे सूत्र. राजघराणे मराठी असताना बहुसंख्य रयतेच्या गुजराती भाषेला कारभारात स्थान देणाऱ्या या राजाने १९३२ मध्ये कोल्हापूर येथील मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले, हेही येथे नमूद केले पाहिजे.

उद्योगाच्या क्षेत्रात १८९० मध्ये कलाभवन निघाले. रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जर हे त्याचे आद्य चालक. रंगकाम, विणकाम, यंत्रकाम, चित्रकला, छायाचित्रण असे विषय तेथे शिकविले जात आणि शक्य तेवढे देशी भाषांतून शिकविण्याचा आग्रह होता. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके हे या संस्थेचे विद्यार्थी होते. शिकलेल्या कारागिराला भांडवल लागते. हे भांडवल मिळावे म्हणून २० जुलै १९०८ रोजी बँक ऑफ बडोदाची स्थापना झाली. विठ्ठलदास ठाकरसी यांच्यासारख्या मुंबईच्या उद्योगपतींचा तिला पाठिंबा होता. पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे देशातील अनेक बँका बुडाल्या, ही टिकली.

आता तुम्ही या संस्था एका ओळीत मांडून पाहा. शाळा, ग्रंथालय, तंत्रशाळा, बँक. एकीचे काम जिथे संपते, तिथे दुसरीचे सुरू होते. सुट्या योजना आणि एकमेकींत गुंफलेल्या योजना यांतील फरक येथे स्पष्ट दिसतो.

५.३.७ छप्पन्नचा दुष्काळ

सर्वच काही योजनेप्रमाणे घडले, असे मानण्याचे कारण नाही. विक्रम संवत १९५६ म्हणजे इसवी सन १८९९-१९०० या वर्षी गुजरातेत भयंकर दुष्काळ पडला. गुजरातेत तो आजही छप्पनिया या नावाने ओळखला जातो. बडोदे संस्थानाची लोकसंख्या १८९१ च्या शिरगणतीत सुमारे २४ लाख होती. १९०१ मध्ये ती साडेएकोणीस लाखांवर आली. दुष्काळ, त्यामागून आलेली रोगराई आणि स्थलांतर यांनी दहा वर्षांत साडेचार लाखांची तूट पडली.

ही संख्या तुम्ही थोडा वेळ थांबून मनात आणावी. सयाजीराव तोवर अठरा वर्षे राज्य करीत होते. राजधानीला आजव्याचे पाणी होते. खेड्यांतील शेती मात्र पावसावरच अवलंबून होती. शहरासाठी जो दूरचा विचार झाला, तो सिंचनाच्या बाबतीत तितक्या प्रमाणात झालेला नव्हता. दुष्काळात सरकारने कामे काढली, साऱ्यात सूट दिली, तगाई वाटली. महाराजांनी स्वतः दुष्काळी भागाचा दौरा करून जे पाहिले त्याची टिपणे प्रसिद्ध केली. संकटानंतर कारभाराची अशी नोंद ठेवणे हेही नियोजनाचेच अंग आहे, कारण पुढच्या दुष्काळात अधिकाऱ्यांना ती वाचता येते. तथापि गेलेली माणसे त्यामुळे परत येत नाहीत. पन्नास वर्षांचा विचार करणाऱ्या राज्यालाही पुढच्या पावसाळ्याचा विचार चुकत नाही, हा या प्रकरणाचा धडा आहे.

५.३.८ योजना जिथे थांबली

कायदा करून, संस्था काढून आणि पैसा घालून समाज किती बदलतो? या प्रश्नाचे उत्तर बडोद्यातच मिळते.

सयाजीरावांनी १९०२ मध्ये विधवाविवाहाचा आणि १९०४ मध्ये बालविवाह प्रतिबंधाचा कायदा केला. दुसऱ्या कायद्यानंतर अनेक कुटुंबे दंड भरीत आणि मुलांची लग्ने लावीत. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी शाळा काढल्या, तेव्हा तेथे शिकवायला सवर्ण हिंदू शिक्षक तयार होईनात. मुसलमान शिक्षकांवर आणि पुढे आर्य समाजाच्या कार्यकर्त्यांवर भिस्त ठेवावी लागली. या कामासाठी पंडित आत्माराम यांना पंजाबातून बोलाविण्यात आले.

या संदर्भात एक घटना सर्वांत बोलकी आहे. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर यांनी मुंबईत पदवीचे शिक्षण घेतले. १९१३ मध्ये संस्थानाने त्यांना उच्च शिक्षणासाठी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठविले. शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानाची सेवा करावी, असा करार होता. नियोजनाच्या दृष्टीने ही रचना निर्दोष होती. गुणी तरुण निवडला, त्याच्या शिक्षणावर खर्च केला आणि त्या ज्ञानाचा लाभ राज्याला व्हावा अशी तजवीज केली. १९१७ च्या सप्टेंबरमध्ये आंबेडकर बडोद्यात रुजू झाले. त्यांना राहायला घर मिळेना. पारशी धर्मशाळेत ते नाव लपवून राहिले. तेथे त्यांची जात कळताच जमावाने त्यांना बाहेर काढले. कचेरीतही वागणूक अपमानाची होती. शहरात कोठेही आसरा न मिळाल्याने त्यांना बडोदे सोडावे लागले.

ज्या राज्याने त्यांना सातासमुद्रापार विद्यापीठात पाठविले, त्या राज्याच्या राजधानीत त्यांना एक खोली मिळाली नाही. महाराजांची इच्छा, खजिन्यातला पैसा आणि सेवेचा करार हे सर्व हजर होते. मधल्या फळीतले कारकून, घरमालक, शेजारी यांची मने मात्र योजनेत धरलेली नव्हती. शिष्यवृत्तीचे फळ पुढे साऱ्या देशाला मिळाले, हे आपण जाणतोच. पण ते बडोद्याच्या आखणीप्रमाणे मिळाले नाही.

आणखी एक मर्यादा नोंदविली पाहिजे. १८८७ पासून प्रकृतीच्या कारणाने सयाजीराव वारंवार युरोपात जात व पुष्कळ काळ राज्याबाहेर राहत. यावर लोकांकडून आणि इंग्रज सरकारकडूनही टीका झाली. १९११ च्या दिल्ली दरबारात त्यांनी बादशहाला मुजरा करताना रीत पाळली नाही, म्हणून त्यांच्यावर सरकारची वक्रदृष्टी होतीच. प्रवासातून त्यांनी नव्या कल्पना आणल्या आणि त्यांच्या गैरहजेरीत कारभार थांबला नाही, ही त्यांच्या व्यवस्थेची पावती म्हणता येईल. तरीही एका माणसाच्या हाती अंतिम सत्ता असणाऱ्या राज्यात तो माणूस दूर असणे ही गैरसोयच होती.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २

रिकाम्या जागा भरा.
१. बँक ऑफ बडोदाची स्थापना ............ या वर्षी झाली.
२. फिरत्या ग्रंथालयांच्या योजनेसाठी ............ या ग्रंथपालास बोलाविण्यात आले.
३. संवत १९५६ चा दुष्काळ गुजरातेत ............ या नावाने ओळखला जातो.

५.३.९ अखेरची वर्षे आणि त्यानंतर

सयाजीरावांचे कौटुंबिक जीवन दुःखाने भरलेले होते. पहिल्या पत्नी चिमणाबाई या तंजावरच्या. त्या १८८५ मध्ये वारल्या. ज्येष्ठ पुत्र फत्तेसिंहराव १९०८ मध्ये ऐन तारुण्यात गेले. दुसऱ्या पत्नी, देवासच्या घाटगे घराण्यातील महाराणी चिमणाबाई, यांनी स्त्रीशिक्षणाच्या कार्यात भाग घेतला. १९२७ मध्ये पुण्यात भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या त्या पहिल्या अध्यक्षा होत्या.

१९२७ पासून व्ही. टी. कृष्णम्माचारी हे बडोद्याचे दिवाण होते. त्यांच्या काळात ग्रामसुधारणेवर भर देण्यात आला आणि कोसंबा येथे त्यासाठी केंद्र निघाले. राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाच्या निमित्ताने १९३६ मध्ये सयाजीरावांनी ग्रामीण व गरीब जनतेच्या उन्नतीसाठी एक कोटी रुपयांचा निधी जाहीर केला. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. नातू प्रतापसिंहराव गादीवर आले.

पुढे दहाच वर्षांत, १९४९ मध्ये, बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. राज्य संपले, त्याच वर्षी महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले. मध्यवर्ती ग्रंथालय चालू राहिले. बँकेचे १९६९ मध्ये राष्ट्रीयीकरण होऊन ती देशाची झाली. बडोद्याचे माजी दिवाण कृष्णम्माचारी स्वतंत्र भारताच्या नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले. प्रास्ताविकात आपण जो दुसरा प्रश्न विचारला होता, त्याचे उत्तर या घटनाक्रमात शोधता येईल. सयाजीरावांनी जे आपल्या मर्जीवर ठेवले, ते त्यांच्याबरोबर गेले. जे नियम, निधी आणि प्रशिक्षित माणसे यांच्या हवाली केले, ते राहिले.

५.४ सारांश

सयाजीराव गायकवाड यांचा जन्म १८६३ मध्ये कवळाणा येथे झाला. १८७५ मध्ये दत्तक जाऊन ते बडोद्याचे महाराज झाले व १८८१ मध्ये त्यांना पूर्ण अधिकार मिळाले. पाहणी व मोजणीच्या पायावर त्यांनी कारभार उभारला. आजवा जलाशयाने शहराच्या पाण्याचा प्रश्न दीर्घकाळासाठी सोडविला. अमरेलीच्या प्रयोगानंतर १९०६ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. ग्रंथालये, कलाभवन आणि बँक या संस्था एकमेकींना पूरक होत्या. छप्पन्नच्या दुष्काळाने शेतीविषयक नियोजनाची उणीव उघड केली, तर आंबेडकरांना बडोद्यात आलेल्या अनुभवाने समाजमनाचा अडसर दाखवून दिला. संस्थान विलीन झाल्यावरही त्यांच्या अनेक संस्था टिकून राहिल्या.

५.५ शब्दार्थ

इजारा : ठरावीक रक्कम घेऊन सारा वसूल करण्याचा मक्ता.
प्रतबंदी : कसानुसार जमिनीची वर्गवारी.
धारासभा : कायदे करणारी सभा.
तगाई : शेतकऱ्याला सरकारने दिलेले कर्ज.
शिरगणती : जनगणना.
मुद्दल : व्याज वगळता मूळ रक्कम.

स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (१) सयाजीरावांचे मूळ नाव गोपाळराव होते. (२) जमिनीच्या मोजणीचे काम इलियट यांच्याकडे सोपविण्यात आले. (३) हा प्रयोग १८९३ मध्ये अमरेली येथे सुरू झाला.
प्रश्न २ : (१) १९०८ (२) विल्यम बॉर्डन (३) छप्पनिया

५.६ स्वाध्याय

१. अमरेलीच्या शिक्षणप्रयोगाचे स्वरूप सांगून, तेरा वर्षांचा विलंब समर्थनीय होता का, याविषयी आपले मत सकारण मांडा.
२. खेड्यातील ग्रंथालये व श्री सयाजी साहित्यमाला यांच्या अर्थव्यवस्थेतून दिसणारे धोरण स्पष्ट करा.
३. दीर्घ नियोजनाच्या मर्यादा १८९९-१९०० आणि १९१७ या दोन प्रसंगांच्या आधारे विशद करा.
४. टीप लिहा : (अ) श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू (आ) आजवा जलाशय.

५.७ उपक्रम

तुमच्या गावातील किंवा शहरातील पन्नास वर्षांपेक्षा जुनी एखादी सार्वजनिक सोय निवडा. उदाहरणार्थ तलाव, शाळा, ग्रंथालय वा दवाखाना. ती कोणी व कोणत्या गरजेतून उभारली, तिच्या देखभालीचा खर्च कोण करते आणि आज ती किती लोकांच्या उपयोगी पडते, याची माहिती गावातील जाणत्या माणसांकडून मिळवून दोन पृष्ठांचा अहवाल तयार करा. अहवालाच्या शेवटी, आणखी पन्नास वर्षे ती सोय टिकावी यासाठी आज काय करावे लागेल, ते लिहा.